शेवटच्या प्रकरणाआधीचं अर्धं मिनिट

१

बोलत्या पुस्तकांच्या ग्रंथालयातून एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण नाहीसं झालं आणि आठ दिवसांनी ते आपलं आपण परत आलं. तक्रार आली ती परत आल्यानंतर.

कानसेनांना हे सगळं फोनवर सांगण्यात आलं तेव्हा त्यांनी तीनदा "काय?" असं विचारलं. एक तर गोष्टच विचित्र होती, आणि दुसरं म्हणजे त्यांना फोनवर धड ऐकू येत नव्हतं. पस्तीस वर्षं ध्वनिमुद्रणात घालवलेला माणूस. कुठल्या खोलीतला कुठला पंखा खरखरतोय हे डोळे मिटून सांगायचे, म्हणून लोकांनी नाव ठेवलं कानसेन. निवृत्तीनंतर कान गेले, नाव तेवढं चिकटून राहिलं. डाव्या कानात मशीन, उजव्या गुडघ्यात कळ आणि कुठल्याही नव्या कामाचा मनापासून कंटाळा, अशी त्यांची सध्याची मिळकत होती. तरी ते गेले, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

ग्रंथालयाचं काम साधं होतं. अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि ध्वनिमुद्रित करून ठेवायची. वाचणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या, बावीस वर्षं वाचत होत्या, आणि सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. शेवटची दोन वर्षं त्या एक सातशे पानांची कादंबरी वाचत होत्या, दीपगृहाच्या रखवालदाराच्या घराण्याची. ती त्यांनी नवऱ्यासाठी निवडली होती. नवरा जन्मांध, सकाळच्या वेळेत अंधशाळेत शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. लग्नाआधी एका मित्राने मास्तरांना ती कादंबरी अर्धी वाचून दाखवली होती, मग मित्र गाव सोडून गेला. शेवटी त्या घराण्याचं काय झालं, हे मास्तरांना तीस वर्षं कळलं नव्हतं. शेवट मी सांगीन, असा बाईंनी शब्द दिला होता.

चोवीस प्रकरणं झाली आणि बाईंची फुप्फुसं थकली. दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या. पण फोल्डरमध्ये पंचविसावं प्रकरण होतं, जाण्याच्या तीन आठवडे आधीच्या तारखेचं. म्हणजे कादंबरी पुरी झाली होती. ते ऐकायची हिंमत गोळा करायला मास्तरांना दीड महिना लागला. ज्या दिवशी त्यांनी मागितलं त्या दिवशी ते जागेवर नव्हतं. बोंबाबोंब झाली, आठ दिवसांनी ते परत जागेवर दिसलं, मास्तरांनी ते घरी नेऊन ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत ऑफिसात येऊन बसले.

कानसेन पोचले तेव्हा ते अजून तिथेच होते. ताठ बसलेले, गुडघ्यांवर हात.

"आवाज तिचाच आहे म्हणतात सगळे," मास्तर म्हणाले. "मलाही तसाच लागतो. पण त्यात ती नाही. तुम्ही मला एवढंच सांगा, मला फसवलं कुणी? तुमच्या या लोकांनी, की तिने?"

ग्रंथालयाच्या संचालिकांनी कानसेनांकडे पाहून हळूच मान हलवली. दुःखात माणसाचं असं होतं, असा त्याचा अर्थ होता.

२

ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या माणसाला कात्री म्हणत. चाळिशीतला, उंच, किडकिडीत. चुकीचं वाक्य असं कापायचा की जोड कुठे आहे हे त्याचं त्यालाही नंतर सापडत नसे. कानसेनांनी आपली पेटी त्याच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्याने उगाच तारा आवरायला घेतल्या.

पेटी म्हणजे एक जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर. पत्र्याचा डबा आणि त्यावर हिरवा पडदा. आवाज आत सोडला की पडद्यावर त्याच्या रेघा उभ्या राहतात. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक, आणि ज्याचा जोर जास्त त्याची रेघ उंच. कान शाबूत होते तोवर कानसेन या डब्याकडे ढुंकूनही पाहत नसत. आता त्यांना चार हजार हर्ट्झच्या वरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि डब्याला वीस हजारांपर्यंत सगळं दिसत होतं. म्हातारपणी माणसाला काठी लागते, त्यांना ही पेटी लागत होती.

आधी त्यांनी चोविसावं प्रकरण लावलं, कारण ते बाईंनीच वाचलं होतं याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. सुरुवातीला अर्धं मिनिट नुसती शांतता होती. ती इथली रीत. वाचणाऱ्याने माईकसमोर बसायचं आणि अर्धं मिनिट गप्प राहायचं. नंतर चूक कापली की तिथे खड्डा पडतो, तो याच शांततेच्या तुकड्याने भरायचा. दुसरी रीत ठोक्याची. वाचणारा चुकला की बाहेर बसलेला कात्री पेन्सिलीने टेबलावर एक ठोका मारायचा, वाचणारा वाक्याच्या सुरुवातीला परत जायचा, आणि ठोका सापडला की कात्रीला कुठे कापायचं ते कळायचं.

शांततेत पडद्याच्या डाव्या बाजूला एक बुटका उंचवटा दिसत होता, स्टुडिओच्या हवा खेचणाऱ्या पंख्याचा. मग बाई वाचू लागल्या. आणि प्रत्येक 'स'ला उजवीकडे सात हजारांच्या आसपास एक सुईसारखी रेघ वर येऊ लागली.

"ही काय?" कानसेनांनी विचारलं.

कात्रीने वाकून पाहिलं. मग सांगितलं की बाईंच्या पुढच्या दोन दातांत फट होती, 'स' म्हणताना अगदी बारीक शिट्टी यायची. इतकी वर्षं ऐकून ती आता आपल्या लक्षातही येत नाही, असंही तो म्हणाला.

कानसेनांनी पंचविसावं लावलं. पहिला 'स' आला, गेला. दुसरा, तिसरा. दहा मिनिटं ते पडद्याकडे बघत बसले. सात हजारांवर सुई एकदाही वर आली नाही.

ते उठले, बाहेर आले, आणि पाणी पिता पिता संचालिकांना म्हणाले की मास्तरांचं काही चुकलेलं नाही, शेवटचं प्रकरण बाईंनी वाचलेलंच नाही.

३

आवाज हुबेहूब, पण माणूस दुसरं. हे ऐकल्यावर संचालिकांचा चेहरा उतरला, आणि न विचारताच त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत एक पेन ड्राइव्ह होता. एक कंपनी जुन्या ध्वनिमुद्रणावरून मेलेल्या माणसाचा आवाज यंत्राने तयार करून देते. बाई आजारी पडल्यावर त्यांनी नमुना मागवला होता. पुस्तकाची घोषणा झाली होती, अंध वाचक दर आठवड्याला फोन करत होते, आणि अपुरं पुस्तक कसं द्यायचं हा प्रश्न होता.

"मागवला, ऐकला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली," त्या म्हणाल्या. "खणात टाकला तो तिथेच आहे. तुम्हाला खरं वाटणार नाही."

कानसेनांना खरं वाटलं, पण त्यांचा वाटण्यावर विश्वास राहिला नव्हता. त्यांनी नमुना डब्याला लावला. यंत्राच्या आवाजात शिट्टीची सुई बरोबर होती, सात हजारांवर, प्रत्येक 'स'ला. यंत्राने बाईंच्या दातांची फटसुद्धा उचलली होती. उलट वाक्य संपलं की पडदा सपाट, ना श्वास ना खोली. पंचविसाव्या प्रकरणात सुई नव्हती, आणि दोन वाक्यांमध्ये जिवंत माणसाचा श्वास होता. संचालिका सुटल्या. त्यांनी डोळे पुसले आणि चहा मागवला. कानसेनांनी तो गार झाल्यावर प्यायला.

उरली एकच. बाईंची धाकटी बहीण. तिला ग्रंथालयातले लोकही धाकटीच म्हणत. फोन तिने उचलला की पलीकडचा माणूस हटकून 'बाई' अशी हाक मारायचा, इतका आवाज सारखा. ती पोस्टात खिडकीवर बसायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कानसेन तिला मागच्या बाकावर भेटले. डबा तिने उघडला होता, पण एकही घास खाल्ला नव्हता.

"त्या स्टुडिओत मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही," ती म्हणाली. "हवं तर कुणालाही विचारा."

बोलताना तिचे दात दिसत होते. सरळ, एकमेकांना चिकटलेले. कानसेनांनी ते पाहिलं, आणि आपण पाहिल्याचं तिच्या लक्षात आलंय हेही पाहिलं. ते प्रकरण कुणी वाचलं असेल असं तुम्हाला वाटतं, असं त्यांनी विचारलं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"भावोजींना सांगून टाका ना, की ताईच आहे. आजारपणाने आवाज बदलला होता म्हणा. तुमचं काय जातंय?"

तिने फाइल कुणी पळवली हे विचारलं नाही, ताईच्या नावावर कुणी वाचलं हेही विचारलं नाही. कानसेनांना तिथेच थांबावंसं वाटलं. गुडघा ठणकत होता आणि बाई काही परत येणार नव्हत्या. पण स्टुडिओत पाऊल टाकलेलं नाही, हे वाक्य तिने फार ठाम म्हटलं होतं, आणि खरं बोलणारी माणसंच तेवढी ठाम असतात.

ते परत आले आणि त्यांनी पंचविसाव्या प्रकरणाचं वाचन सोडून फक्त शांतता पाहायला घेतली.

सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात पंख्याचा बुटका उंचवटा नव्हता. म्हणजे ही खोली स्टुडिओ नव्हती. त्याऐवजी एक वेगळीच गोष्ट होती. दर सात सेकंदांनी पडद्याची उजवी बाजू जराशी फुगायची आणि खाली बसायची. कुणीतरी आवाज गाळणाऱ्या चाळण्या लावून लावून ती इतकी दाबली होती की कानाला लागूच नये. डोळ्याला मात्र लागत होती.

मग त्यांनी वाक्यांमधले खड्डे पाहिले. काही खड्ड्यांच्या सुरुवातीला नऊ हजारांवर एक क्षीण रेघ चमकून विझत होती. दरवेळी तीच रेघ, तितकीच उंच, तेवढाच वेळ. एकाच शांततेचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवला होता, आणि त्या तुकड्यात कशाचं तरी शेपूट राहून गेलं होतं. त्यांनी मोजलं. चोविसाव्या प्रकरणात चिकटवलेले तुकडे तीन होते, पंचविसाव्यात एक्केचाळीस.

शांतता एक्केचाळीस वेळा भरली, म्हणजे काहीतरी एक्केचाळीस वेळा कापलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी, कारण न दिसणाऱ्या माणसाला पसारा परवडत नाही. मास्तरांनी स्वतः चहा केला आणि कप काच लावलेल्या टेबलावर ठेवला. मग आपल्या करंगळीतली अंगठी काचेवर दोनदा वाजवली. वाजवल्यावर ते ओशाळले.

"सवय," ते म्हणाले. "माझी नाही, तिची. कप ठेवला की शेजारी दोन ठोके द्यायची. इथे आहे, म्हणून. तीस वर्षं मी एकदाही चहा सांडला नाही." अंगठी बाईंची होती. मास्तरांच्या दुसऱ्या कुठल्याच बोटात ती जात नव्हती.

कानसेनांना ते दोन ठोके ऐकू आले नव्हते. त्यांनी फक्त बोट हलताना पाहिलं होतं.

आतल्या खोलीत पलंगाशेजारी जमिनीवर चार लहान चाकांचे डाग होते. इथे काय होतं, असं त्यांनी विचारलं.

"ऑक्सिजनचं मशीन. फुस्स करायचं, थांबायचं, पुन्हा फुस्स. सात सेकंदांनी. मी पडल्या पडल्या मोजत राहायचो. एक चुकलं तरी उठून बसायचो." मास्तर पलंगाच्या कडेला बसले. "ती गेली त्याच दुपारी भाड्याने देणारे येऊन घेऊन गेले. मग मला झोपच येईना, एवढी शांतता झाली."

कानसेन त्या डागांकडे बघत राहिले. हे मशीन त्या प्रकरणात होतं. म्हणजे ते वाचलं गेलं ते याच खोलीत, आणि बाई जिवंत असताना. आणि मास्तर सकाळी घरी नसत.

"काही कळलं का?" मास्तरांनी विचारलं.

कळलं होतं, पण त्यांनी उद्या स्टुडिओत या, एवढंच सांगितलं. जिना उतरताना त्यांना वाटलं, धाकटी म्हणाली तसं सांगून मोकळं व्हावं. आजारपणाने आवाज बदलला होता. चार शब्दांत काम संपलं असतं.

५

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पाच माणसं मावत नव्हती, तरी मावली. मास्तर, धाकटी, संचालिका, कात्री आणि कानसेन. धाकटी दाराशी उभी होती. ती या खोलीत खरोखरच पहिल्यांदा आली होती. कुठे उभं राहावं हे तिला कळत नव्हतं.

कानसेनांनी आवाज न चढवता, थकल्यासारखं सांगायला सुरुवात केली. दातांची शिट्टी नाही, म्हणून वाचणाऱ्या बाई नव्हेत. शिट्टी नाही, म्हणून यंत्रही नव्हे. पंखा नाही, म्हणून स्टुडिओ नव्हे. सात सेकंदांचा श्वास आहे, म्हणून बाईंचीच खोली, आणि बाई तेव्हा होत्या. राहिले एक्केचाळीस ठोके.

"ठोके तू कापलेस," ते कात्रीला म्हणाले, "पण ते तुझे नव्हते. तुझी पेन्सिल लाकडावर पडते, तिची रेघ डावीकडे उठते. कापलेला ठोका धातूचा होता, काचेवरचा, नऊ हजारांवर वाजणारा. त्याचं शेपूट तुझ्या शांततेच्या तुकड्यात राहिलं, आणि तोच तुकडा तू सगळीकडे चिकटवलास. तू एरवी असला गचाळपणा करत नाहीस. घाईत होतास, की हात चालत नव्हता?"

"हात चालत नव्हता," कात्री म्हणाला.

"म्हणजे खोलीत वाचणारीशिवाय आणखी एक माणूस होतं. पुस्तक त्याला पाठ होतं, आणि एकही चूक खपत नव्हती."

मास्तरांचा हात करंगळीकडे गेला.

धाकटी बोलू लागली ती भिंतीकडे बघून. ताईने आधी स्वतः वाचायचा प्रयत्न केला होता. एका सकाळी अकरा ओळी झाल्या आणि ओठ निळे पडले. मग तिने कात्रीकडून छोटं ध्वनिमुद्रणयंत्र मागवून घेतलं आणि बहिणीला समोर बसवलं. माझ्यासारखं वाच, म्हणाली. चार सकाळी, भावोजी शाळेत असताना. पडल्या पडल्या ती उशाशी ओढलेल्या टेबलाच्या काचेवर अंगठी वाजवायची, आणि धाकटी वाक्याच्या सुरुवातीला परत जायची.

"एका स्वल्पविरामासाठी तिने मला तीन वेळा मागे नेलं. मी रडले, तरी नेलं. म्हणाली, त्याला शेवट माझ्याकडून मिळायला हवा, आणि त्याला हे कळता कामा नये." तिने नाक पुसलं. "ती गेल्यावर माझा धीर सुटला. तुम्ही ओळखणार हे मला माहीत होतं, भावोजी. मीच याला फाइल काढायला लावली. मग इथे याची नोकरी जायची वेळ आली, म्हणून ठेव म्हटलं परत."

मास्तरांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"म्हणजे तिने पुरी केली नाही," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं ते खरं. त्यात ती नाही."

कानसेनांनी कात्रीला विचारलं की न कापलेलं मूळ आहे का. कात्रीने मान डोलावली. कापतो, पण फेकत नाही, म्हणाला. कानसेनांनी त्याला सगळ्या चाळण्या काढायला सांगितल्या आणि सुरुवातीचं अर्धं मिनिट लावायला लावलं.

मशीन फुस्स करून थांबलं, पुन्हा फुस्स झालं. पुस्तकाचं पान सरकलं. मशीनच्या पाठोपाठ दुसरा एक श्वास येत होता, अपुरा, ओढून घेतलेला, अर्ध्यावर अडकणारा. मास्तरांनी मान वर केली. सात सेकंद, आणि तो श्वास. सात सेकंद, आणि पुन्हा तो. मग अर्धं मिनिट संपलं, आणि धाकटीला वाच म्हणून खूण करायला बाईंनी काचेवर अंगठी दोनदा वाजवली.

मास्तरांचा उजवा हात टेबलावर पुढे सरकला आणि कप शोधू लागला.

तिथे कप नव्हता. हात तसाच लाकडावर राहिला. धाकटीने तोंडावर पदर धरला, आणि कात्रीने ते थांबवायला बोट उचललं तसं मास्तर म्हणाले, "राहू दे. पुढे जाऊ दे."

पुढे धाकटी वाचू लागली, ताईच्या आवाजात, चुकत. दोन ठोके. ती मागे गेली, पुन्हा वाचलं. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार शेवटची पायरी चढत होता. दोन ठोके. दरवेळी मास्तर किंचित हसत होते, कारण चूक कुठे आहे हे त्यांनाही ठोक्याच्या आधी कळू लागलं होतं.

प्रकरण संपल्यावर ते म्हणाले, "हेच द्या सगळ्यांना. ठोक्यांसकट."

संचालिका म्हणाल्या की ग्रंथालयाच्या नियमात ते बसत नाही, वाचकांना चुका ऐकू येतील.

"चुका हिच्या आहेत," मास्तर धाकटीच्या दिशेने हात करून म्हणाले. "ठोके तिचे आहेत. शेवट मला तिच्याकडूनच मिळाला."

संचालिकांनी पुढे वाद घातला नाही. मास्तरांनी प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. धाकटी आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

कानसेनांना घरी जायचं होतं. तारा गुंडाळायला त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. एक्केचाळीस चुका, एक्केचाळीस वेळा दोन ठोके, आणि त्यांतला एकही त्यांना ऐकू आला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, दुखरा पाय लांब केला आणि हिरव्या पडद्यासमोर बसले. मशीनने श्वास टाकला. मग नऊ हजारांवर दोन रेघा पाठोपाठ उभ्या राहिल्या.